प्लेनर घेताना मोटर नंतर बघा, आधी झाकण उघडून बघा

मकिता 2012एनबी आणि डिवॉल्ट डीडब्ल्यू735: भुसा आणि पाती या दोन मुद्द्यांवर परीक्षण

प्लेनर (फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशीन) घ्यायला दुकानात गेलं की आधी वॅट सांगितले जातात, मग रुंदी, मग वॉरंटी. रोजच्या कामात मात्र माणूस यातल्या कशानेही वैतागत नाही. वैताग येतो तो आत दाबून बसलेल्या भुशाने, आणि पाती बदलायचा कंटाळा येतो म्हणून बोथट पात्यांवर ढकललेल्या कामाने. या दोन्ही गोष्टी एकाच जागी येऊन मिळतात. भुसा बाहेर फेकणारं झाकण आणि पात्यांवरचं झाकण बहुतेक मशीनमध्ये एकच असतं. ते काढायला अवघड असेल तर भुसा साफ होत नाही आणि पातीही वेळेवर बदलली जात नाहीत. म्हणून या परीक्षणात ताकद, आवाज, दिसणं यांना फारशी जागा नाही. भुसा कसा निघतो आणि पात्यापर्यंत हात कसा पोहोचतो, एवढंच बघितलं आहे.

आधी भुसा किती निघतो याचा अंदाज घेऊ. मकिता 2012एनबी फळी मिनिटाला 8.5 मीटर वेगाने ओढतो. 300 मिमी रुंद फळीवरून 1 मिमी काढायचं ठरवलं, तर मिनिटाला साधारण अडीच लिटर भरीव लाकूड निघतं. सुटं झाल्यावर ते सहज पाच-सहा पट फुगतं, म्हणजे मिनिटाला एक बादली भुसा. 200 लिटरचं पिंप सलग कामात साधारण पाव तासात भरतं. एवढा माल ड्रमच्या (पाती बसवलेल्या फिरत्या दंडगोलाच्या) अंगावरून उचलून, दोन-तीन इंचांत वळवून, बाहेर काढायचा असतो. जे झाकण हे काम नीट करत नाही, ते पात्यांना भुसा परत परत कापायला लावतं.

परत कापला जाणारा भुसा दोन प्रकारे नुकसान करतो. ड्रमच्या कडेला राहिलेली ढलपी पात्याबरोबर पूर्ण फेरा मारून पुन्हा फळीवर येते आणि पात्याच्या धारेखाली दाबली जाते. दुसरी ढलपी फळी बाहेर ओढणाऱ्या रोलरखाली जाते आणि रोलर तिला फळीत रुतवतो. दोन्हींची खूण सारखीच दिसते: रंधलेल्या पृष्ठभागावर तांदळाच्या दाण्याएवढे उथळ खळगे, कुठेही, कसेही पडलेले. बरेच जण याचा दोष पात्याला देतात. पात्याला टवका असेल तर फळीच्या पूर्ण लांबीभर एक सरळ उंच रेघ येते. खळगे विखुरलेले असतील तर गुन्हेगार भुसा आहे, पातं नाही. (सागवानावरचे असे खळगे ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली की बऱ्याच अंशी वर येतात. पॉलिश केल्यावर मात्र उपाय उरत नाही, म्हणून उजेड तिरपा धरून आधीच बघावं.)

मकिता 2012एनबी

हा 1650 वॅटचा, 304 मिमी रुंदीचा, दोन पात्यांचा प्लेनर. ड्रम मिनिटाला 8500 फेरे घेतो. गणित केलं तर लाकडावर दर अर्ध्या मिलिमीटरला एक काप पडतो. वजन 28 किलोच्या आसपास, त्यामुळे दोघांनी उचलून साइटवर नेता येतो आणि गरज पडली तर एकट्यालाही हलवता येतो. आवाज त्याच्या वर्गातल्या इतर मशीनपेक्षा कमी आहे. फ्लॅटमध्ये किंवा वस्तीत काम करणाऱ्याला ही लहान गोष्ट नाही.

भुशाच्या बाबतीत मात्र हे मशीन अर्धवट आहे. आत पंखा नाही. पात्यांनी उडवलेला भुसा केवळ ड्रमच्या वेगावर मागच्या बाजूला बाहेर पडतो. बाहेर पडतो म्हणजे निघून आलेल्या फळीवरच पडतो. रुंद फळी असेल तर त्यातला काही भाग परत रोलरकडे सरकतो. वर सांगितलेले खळगे यातून येतात. भुसा ओढून घेणारा हुड वेगळा विकत घ्यावा लागतो. आमच्या मते तो मशीनचाच भाग समजून त्याच दिवशी घ्यावा. हुडाशिवाय हा प्लेनर उघड्या अंगणात चालेल, बंद खोलीत नाही.

हुड लावला तरी मागे ओढ हवी. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा 35 मिमीचा पाइप इथे काही मिनिटांत तुंबतो. क्लीनर कमी ताकदीचा असतो हे त्याचं कारण नाही. सागवानाच्या लांब ढलप्या त्या पाइपात आडव्या होऊन अडकतात. 100 मिमीचा पाइप आणि त्यात सेकंदाला 20 मीटरच्या आसपास हवेचा वेग, म्हणजे सुमारे 330 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) एवढी ओढ, असेल तर काम सुरळीत चालतं. डस्ट कलेक्टर (भुसा ओढून पिशवीत साठवणारं मशीन) घेताना डब्यावर छापलेला आकडा मोकळ्या तोंडाचा असतो. पाइप, वळणं आणि भरलेली पिशवी धरली की तो बराच खाली येतो, म्हणून दुप्पट आकड्याचं मशीन बघावं. वळणं कमीत कमी ठेवावीत आणि खोबणीदार लवचिक पाइप दीड-दोन मीटरपेक्षा लांब घेऊ नये. उरलेलं अंतर गुळगुळीत पीव्हीसीने जोडावं.

पात्यांपर्यंत पोहोचण्याच्या बाबतीत मात्र हे मशीन चांगलं आहे. हुड असेल तर तो आधी काढायचा, मग भुशाचं झाकण सोबतच्या बॉक्स पान्याने सोडवायचं, की ड्रम समोर येतो. ड्रम हाताने फिरवला की बोल्ट वर येतील अशा जागी अडकतो. दोन चुंबकी पकडी पात्यावरच्या पट्टीवर ठेवून, बोल्ट सोडून, पट्टी आणि पातं एकत्र सरळ वर उचलायचं. बोटं धारेजवळ जातच नाहीत. मग कुलूप दाबून ड्रम अर्धा फिरवायचा आणि दुसऱ्या पात्याचं तेच. पाती दोन्ही बाजूंनी धारेची आहेत. एक बाजू संपली की उलटवायची, दोन्ही संपल्या की टाकून द्यायची. त्यांना घरी दगडावर धार लावायचा मोह टाळावा. दोन पाती वेगवेगळ्या रुंदीची झाली की एकच पातं कापतं आणि दुसरं नुसतं फिरतं.

डिवॉल्ट डीडब्ल्यू735

हा वेगळ्या विचाराचा प्लेनर आहे. रुंदी 13 इंच, म्हणजे 330 मिमी. पाती तीन, ड्रम मिनिटाला 10,000 फेरे, आणि फळी ओढण्याचे दोन वेग. एका वेगावर इंचाला 96 काप, दुसऱ्यावर 179. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर जोराच्या वेगावर दर पाव मिलिमीटरला काप आणि शेवटच्या हाताला त्याच्याही जवळजवळ निम्म्या अंतरावर. वेग बदलायचा तो मशीन चालू असतानाच, बंद असताना गिअर ओढायचा नाही. वजन 42 किलोच्या आसपास, त्यामुळे ‘पोर्टेबल’ हा शब्द नावापुरता. एकदा टेबलावर बसवलं की तिथेच राहतं.

या मशीनची खरी जमेची बाजू म्हणजे आतला पंखा. भुसा ड्रमवरून उचलून तो मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकतो. यामुळे लहान डस्ट कलेक्टरही पुरतो, आणि कलेक्टर नसेल तर नुसत्या कापडी पिशवीतही काम होतं. फळीवर भुसा जवळजवळ राहत नाही, खळग्यांचा प्रश्न फार कमी येतो. पाइप न लावता मात्र हे मशीन कधीच चालवू नये. भुसा खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत जातो.

पंख्याची अट एकच: हवेला बाहेर जायला वाट हवी. झाकणाच्या पिंपात पाइप सोडला आणि झाकण घट्ट बसवलं, तर पिंपात दाब साठतो, पंख्याची हवा अडते आणि भुसा पंख्याच्या घरातच दाबून बसतो. पिंपाच्या झाकणाला निदान पाइपाच्या दुप्पट क्षेत्रफळाचं भोक पाडून त्यावर जाड कापडाची पिशवी बांधावी. 100 मिमीच्या पाइपासाठी ते साधारण 140 मिमी व्यासाचं भोक होतं. पिशवी बारीक विणीची घेतली तर तीही भुकटीने बंद होते, म्हणून दर दिवशी झटकावी. आतून आवाज बदलला, शिट्टीसारखा बारीक झाला, किंवा फळीवर अचानक ढलप्या दिसू लागल्या, तर हवा अडली असं समजून तिथल्या तिथे थांबावं. त्याच अवस्थेत आणखी चार फळ्या ढकलल्या की भुशाचा लगदा पंख्याभोवती घट्ट बसतो आणि तो खरवडायला सगळं उघडावं लागतं.

पाती बदलण्यात याला एक पायरी जास्त. मशीनवरच ठेवलेला टी आकाराचा पाना काढायचा. वरच्या झाकणाचे चार स्क्रू. त्याखाली भुशाचं आवरण, ते हाताने फिरवायच्या तीन स्क्रूंनी धरलेलं. मग ड्रम. प्रत्येक पात्याच्या पट्टीला आठ स्क्रू, म्हणजे तीन पात्यांचे चोवीस. टी पान्याच्या टोकांना चुंबक आहेत, त्यांनी पट्टी आणि मग पातं उचलायचं. नवीन पातं ड्रमवरच्या खुंट्यांवर बसतं, उंची जुळवायचा प्रश्न येत नाही. हे सगळं विचारपूर्वक केलेलं आहे. पण चोवीस स्क्रू म्हणजे चोवीस स्क्रू, आणि यातच लोकांचा टाळाटाळपणा सुरू होतो.

इथे एक बारकावा कुठल्याच विक्रेत्याकडून ऐकायला मिळत नाही. स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेत भुसा आणि लाकडाचा चीक दाबून दाबून अगदी दगडासारखा होतो. वरून बघितलं तर खाच नेहमीसारखी दिसते, पण पाना तिच्यात अर्धाच उतरतो. त्या अर्ध्या पकडीवर जोर लावला की खाच गोल होते आणि तो स्क्रू मग ड्रिलनेच काढावा लागतो. म्हणून पाना लावण्याआधी प्रत्येक खाचेतला भुसा टोकदार सुईने किंवा जुन्या कंपासच्या टोकाने उकरावा, थेंबभर टर्पेंटाइन सोडावं, पाच मिनिटं थांबावं, आणि पाना तळाला टेकल्याचं बोटांना जाणवल्याशिवाय फिरवू नये.

आणखी एक सोय: या पात्यांची भोकं थोडी लांबट आहेत. लपलेल्या खिळ्यावर तिन्ही पात्यांना एकाच जागी टवका गेला, तर तीनपैकी एक पातं मिलिमीटरभर डावीकडे आणि एक उजवीकडे सरकवायचं. टवके एका रेषेत राहत नाहीत आणि फळीवरची रेघ जवळजवळ नाहीशी होते. जुन्या वाड्यांचं सागवान रंधणाऱ्यांना याचं मोल लगेच कळेल. अशा लाकडावर आधी चुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवावा आणि चुन्याचा गिलावा तारेच्या ब्रशने काढावा. चुन्यातली वाळू पात्याला खिळ्याइतकीच वाईट.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक हे मशीन सामानात पाठवतात, त्यांच्यासाठी: तिथलं मॉडेल 120 व्होल्टचं आहे आणि 15 अँपिअर ओढतं. इथे चालवायला निदान 3 केव्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची किंमत आणि वजन धरून मगच ठरवा.

पाती बसवताना, दोन्ही मशीनना लागू

प्लग काढून वायर समोर दिसेल अशी टेबलावर ठेवावी. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. चामडी हातमोजे घालावेत, पण मशीन सुरू करताना काढून ठेवावेत.

पातं बसतं ती जागा पितळी ब्रशने आणि टर्पेंटाइनने स्वच्छ करायची. कानस किंवा पॉलिश पेपर तिथे लावायचा नाही. पात्याखाली 0.1 मिमीची ढलपी राहिली तरी तेवढाच भाग उंच होतो आणि प्रत्येक फळीवर लाट दिसते. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. सगळे हलके टेकवायचे, मग मधून दोन्ही टोकांकडे आलटून पालटून दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करायचे. एका टोकापासून सुरुवात केली की पातं किंचित कमानीसारखं वाकतं. वापरलेल्या धारेवर मार्करने खूण करावी. उलटवलेलं पातं परत उलटवून बोथट बाजू वर बसवणं हे फार वेळा घडतं. झाकण बंद करण्याआधी ड्रम लाकडी पट्टीने पूर्ण एक फेरा फिरवून कुठे घासतं का ते बघावं. मिनिटभर रिकामं चालवून, प्लग काढून, बोल्ट पुन्हा तपासावेत.

कधी बदलायची? फळी रोलरमधून जाताना अडखळायला लागली, उलट्या रेषेवर लाकूड उपटायला लागलं, किंवा ढलप्यांऐवजी भुकटी निघायला लागली की. सागवानात वाळूचा अंश असतो, त्यामुळे तिथे ही वेळ पाइनपेक्षा फार लवकर येते. बोथट पातं भुकटी करतं, भुकटी फिल्टर बंद करते, फिल्टर बंद झाला की ढलप्या आत राहतात. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

घरच्या घरी करता येणाऱ्या सुधारणा

मकिताच्या हुडाच्या सांध्यावर 3 मिमीची फोमची पट्टी चिकटवली की कडेने शिरणारी फुकट हवा थांबते आणि ओढ थेट ड्रमपाशी जाते. हुडाच्या आतून मेण लावलं तर फणसासारख्या चिकट लाकडाचा भुसा धरून राहत नाही. हुडानंतरचा फूटभर पाइप पारदर्शक घ्यावा, भुसा वाहतोय की थांबलाय हे मान न वळवता दिसतं.

झाकणाचे स्क्रू बदलून हाताने फिरवायचे नॉबवाले स्क्रू लावावेत, ही सर्वांत उपयोगी सुधारणा. पण आटे आणि लांबी मूळ स्क्रूइतकीच हवी. दोन-तीन मिलिमीटर लांब स्क्रू आत ड्रमला लागू शकतो. खात्री नसेल तर मूळ स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जावा.

झाकणाला भोकं पाडून ‘हवा वाढवणं’ मात्र करू नका. ते झाकण सुटलेला तुकडा अडवण्यासाठीही आहे.

डिवॉल्टसाठी पूर्ण ड्रमच बदलून छोट्या चौकोनी कार्बाइड पात्यांचा नागमोडी ड्रम मिळतो. त्यातलं प्रत्येक पातं चार बाजूंनी वापरता येतं, ढलप्या बारीक निघतात म्हणून पाइप तुंबत नाही, आणि टवका गेला तर तेवढंच पातं वळवायचं. पातं वळवताना त्याची बसकी फुंकून नव्हे, पुसून साफ करावी, आणि स्क्रू टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) 5 ते 6 न्यूटन-मीटरला आवळावा. कार्बाइड ठिसूळ असतं, खाली कण राहिला तर आवळतानाच तडकतं. खर्च मोठा आहे. रोज कठीण लाकूड रंधणाऱ्यालाच तो परवडतो, आठवड्यातून एकदा पाइन रंधणाऱ्याला नाही.

बिडाची मोठी मशीनं

वखारींजवळच्या कारखान्यांत असलेल्या बिडाच्या रंधा मशीनबद्दल थोडं, कारण सुधारणेची सर्वांत जास्त गरज तिथेच आहे. अनेकांचा कटर ब्लॉक (पाती बसवलेला जड ड्रम) वरून उघडाच असतो. कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 21 नुसार (नोव्हेंबर 2025 मध्ये या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली) धोक्याचे फिरते भाग झाकणं बंधनकारक होतं, आणि हाताने फळी ढकलायच्या रंध्यावर कापण्याची फट पूर्ण झाकणारा, वर-खाली आणि आडवा सरकणारा गार्ड असावा लागे.

जाडी काढण्याच्या मशीनवर हुड बनवून घ्यायचा असेल तर 16 गेजचा पत्रा, मागे बिजागरी, पुढे मूठ, वर 125 मिमीचं तोंड. कटरजवळची कड पत्र्याची ठेवू नये. तिथे ॲल्युमिनियमची किंवा सागवानाची पट्टी लावावी, चुकून टेकली तर पातं वाचतं. ही कड पात्यांपासून 3 ते 5 मिमीवर असावी, फट मोठी ठेवली की भुसा फेरा मारून परत येतो. हुड पूर्ण मागे पडेल आणि पाना बोल्टवर सरळ बसेल एवढी जागा हवी. तिरका बसणारा पाना बोल्टचे कोपरे खातो. पाती ब्लॉकच्या बाहेर 1 मिमीच्या आसपासच ठेवावीत.

हुडाला लिमिट स्विच (हुड हलला की सुटणारा स्विच) लावून तो काँटॅक्टरच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या, कॉइलशी जोडावा, म्हणजे हुड उघडला की मोटर बंद होते आणि नुसता हुड मिटल्याने सुरू होत नाही, बटण दाबावंच लागतं. पण वीज गेली तरी जड ब्लॉक बराच वेळ फिरत राहतो. म्हणून हुड खटकीने उघडणारा न करता लांब आट्याच्या स्क्रूने उघडणारा करावा. स्क्रूच्या पहिल्या फेऱ्यात स्विच सुटावा आणि उरलेले आटे फिरवेपर्यंत ब्लॉक थांबलेला असावा. स्क्रूची लांबी आपल्या मशीनचा थांबण्याचा वेळ घड्याळावर मोजून ठरवायची.

कोणी काय घ्यावं

एका जागी काम, कठीण लाकूड, शेवटचा हात चांगला हवा, आणि मोठा डस्ट कलेक्टर नाही: डिवॉल्ट. साइटवर ने-आण, वस्तीतलं काम, आणि हुडासकट कलेक्टर घ्यायची तयारी: मकिता. पाती बदलण्याच्या सोयीत आम्ही मकिताला थोडं वर ठेवतो, भुसा काढण्यात डिवॉल्ट फार पुढे आहे. फळीचं टोक खाण्याचा (टोकाला जास्त खोल काप पडण्याचा) दोष दोन्हींत थोडा आहे, फळी दोन्हीकडे आधार देऊन सरळ धरली की आटोक्यात राहतो.

पैसे देण्याआधी दुकानदाराला प्लग काढून झाकण समोर उघडायला सांगा आणि एक पातं स्वतः काढून बसवून बघा. त्याच वेळी पात्यांचा जादा जोड दुकानात शिल्लक आहे का ते विचारा, आणि असेल तर मशीनबरोबरच घ्या.